पडताळ्याचा रकाना

चिठ्ठी नेहमीसारखी पिवळी होती आणि तिच्यावर दोनच इंग्रजी शब्द होते : टीम लीडर. खाली छापील रकाने. अर्थ, उर्दू प्रतिशब्द, पडताळा. कोपऱ्यात लाल शाईत, 'दाराच्या पाटीसाठी, आज चारपर्यंत'. रुग्णालयाच्या भाषांतर विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईला दोन शब्दांची चिठ्ठी म्हणजे हातचा मळ. पेन उघडून तिने अर्थाच्या रकान्यात 'गटाचा प्रमुख' असं लिहूनही टाकलं आणि मग चिठ्ठीमागे टाचलेला कागद उलटला. तो तिच्याच नावाचा होता. आजपासून विभागाची टीम लीडर ती होती. तिने पत्र पुन्हा वाचलं, तरी पत्र तेच राहिलं. टीम म्हणजे कोण, असा प्रश्न तिला पडला, कारण खोलीत ती होती, लाकडी पडद्यापलीकडे उस्ताद होते आणि कोपऱ्यात एक झेरॉक्सचं मशीन होतं, तेही दर मंगळवारी रुसायचं. दुसऱ्या परिच्छेदात त्याचंही उत्तर होतं. पडताळा करणाऱ्याचं, म्हणजे उस्तादांचं, पद महिनाअखेर बंद होणार होतं, ते काम यापुढे यंत्राकडे जाणार होतं. आणि गेल्या पाच वर्षांतले सगळे पडताळे नियमाप्रमाणे झाले आहेत, असं प्रमाणपत्र नव्या टीम लीडरने सही करून द्यायचं होतं, तेही आज चारपर्यंत. तिचा हात पेनावरच राहिला. जे वाटलं ते आनंदाचं नव्हतं, एवढं तिला लगेच कळलं.

नियम साधा होता आणि तिला तो आवडायचा. इंग्रजी कागदाचं तिने उर्दू करायचं. ते उर्दू पडद्यातल्या फटीतून पलीकडे सरकवायचं. पलीकडच्या माणसाने मूळ कागद पाहिलेला नसायचा, त्याला तो सांगायचाही नाही. त्याने समोरच्या उर्दूचं पुन्हा इंग्रजी करायचं, आणि ते मुळाशी जुळलं, तरच कागद वॉर्डात जायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणून पलीकडे एक दुसरा माणूस. त्याला वाचताच आलं नाही तर काय, याचीही सोय नियमात होती : 'वाचता आले नाही' असा शेरा लिहून त्याने तारीख घालून सही करायची. तो शेरा बावीस वर्षांत कुणी वापरला नव्हता. उस्तादांच्या बाजूला दारही वेगळं होतं. ते तिकडून यायचे, तिकडूनच जायचे. इतक्या वर्षांत पडद्याच्या या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ती मात्र हल्ली चहाच्या निमित्ताने दिवसातून चारदा पलीकडे जायची, आणि सगळं दुखणं त्या चहात होतं.

तिला उर्दू शिकवलं ते उस्तादांनीच. ते तेव्हा शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी एका पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या माळ्यावर वर्ग घ्यायचे. माळ्यावर खळीचा वास, खाली कागद कापायच्या यंत्राचा धाडधाड आवाज. महिनाभर त्यांनी तिच्याकडून नुसता अलिफ काढून घेतला. उभी रेघ. "ही सरळ आली की बाकीची अक्षरं आपोआप रांगेला लागतात," ते म्हणायचे. ती वैतागून म्हणाली होती, "उस्ताद, रेघोट्या ओढायला मी आता लहान आहे का?" त्यावर ते हसले होते आणि तिच्या कागदावर एक रेघ ओढून म्हणाले होते, "ही बघा. चाळीस वर्षं ओढतोय. अजून थोडी वाकडी येते." त्यांचे डोळे तेव्हा इतके तीक्ष्ण होते, की वर्गाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा नुक्ता, अक्षरावरचा ठिपका, चुकला ते त्यांना जागेवरून दिसायचं. पुढे ते शाळेतून निवृत्त झाले आणि तिनेच खटपट करून त्यांना पडद्यापलीकडे आणलं. तेव्हा तिला मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एके दिवशी ती चहा घेऊन पलीकडे गेली, तेव्हा उस्ताद एक चिठ्ठी हातात धरून गंभीरपणे बसले होते. चिठ्ठी उलटी होती. अक्षरं डोक्यावर उभी. तिने हसत हसत ती त्यांच्या हातातच सुलटी केली आणि म्हणाली, "आज शब्दांना शिक्षा केलीय का?" तेही हसले. त्या हसण्यात दोघांनी जे काय समजायचं ते समजून घेतलं. पुढे कधी एका अक्षराने त्याबद्दल बोलणं झालं नाही. त्या दिवशी तिने चिठ्ठी हळूच वाचून दाखवली. वाचून दाखवण्यात काय वाईट, डोळे तिचे, बुद्धी त्यांची. मग कागद लांबलांब येऊ लागले, ते मध्येच अडखळू लागले, आणि एकदा ते अडखळल्यावर तिने इंग्रजी शब्द सुचवला. मग वाक्य सुचवलं. शेवटी ती मूळ कागदच पदराआड करून न्यायला लागली. ती सांगायची आणि ते ओळीखाली पट्टी धरून लिहायचे. शिष्येने गुरूला शुद्धलेखन घालावं, तसं. त्यांचं अक्षर अजून देखणं होतं. खाली सही, तारीख. पडताळे असे जुळायचे, की वरच्या मजल्यावरून एकदा कौतुकाचं पत्र आलं होतं. तिने ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली आणि चहा थंड झाला म्हणाले.

नवऱ्याचा फोन आला. तिने बातमी सांगितली, कारण सांगितली नसती तर संध्याकाळी तीच मोठी बातमी झाली असती. "लीडर!" तो म्हणाला. "म्हणजे आता घरातही ऐकावं लागणार का?" ती म्हणाली, "इतकी वर्षं काय करत होतात?" तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "आवाज का असा? खूश नाहीस?" ती म्हणाली, "काम आहे," आणि फोन ठेवला. त्याला सांगता आलं असतं. तो म्हणाला असता, सही करून टाक, कुणाचं काय जातंय, म्हातारा माणूस मानाने घरी जाईल. नवरा वाईट नव्हता. तो हेच म्हणाला असता आणि ते खोटंही नव्हतं. महिनाअखेर चार शब्द बोलले गेले असते, एक फोटो निघाला असता, उस्ताद त्यांच्या बाजूच्या दाराने बाहेर पडले असते, आणि सगळं झाकल्या मुठीत राहिलं असतं.

प्रमाणपत्रावर सही करायची, तर निदान चार फायली चाळाव्यात, म्हणून तिने कपाट उघडलं. तिला काही शोधायचं नव्हतं, खरं तर काही सापडू नये म्हणूनच ती चाळत होती. तिसऱ्या फायलीत डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या सूचनांचा कागद होता, दोन वर्षांपूर्वीचा. मूळ इंग्रजीत होतं : ऑपरेशन झालेली बाजू वर ठेवून झोपावं. तिने उर्दूत लिहिलं होतं, खाली ठेवून. तिने ती ओळ बोटाने पुन्हा वाचली. खाली ठेवून. तिच्याच हाताने, स्वच्छ अक्षरात. आणि शेजारी पडताळ्याच्या रकान्यात उस्तादांच्या सुंदर वळणात इंग्रजी होतं : वर ठेवून. अर्थात. तिने मुळातूनच तर सांगितलं होतं. समोरचं उर्दू काहीही म्हणत असतं, तरी पडताळा बरोबरच आला असता. दोन वर्षं तो कागद वॉर्डात वाटला जात होता. किती माणसं डोळ्याला पट्टी बांधून, घरच्यांनी वाचून दाखवल्याप्रमाणे, नेमक्या चुकीच्या कुशीवर आज्ञाधारकपणे झोपली असतील? तिने वॉर्डात फोन लावला.

"सूचनांचा उर्दू कागद आहे ना, तो देऊ नका. नवा पाठवते."

"का हो बाई, काय झालं?" पलीकडच्या नर्सने विचारलं.

"टायपिंगची चूक आहे."

"बरं झालं सांगितलंत. तुमच्याकडे चूक म्हणजे नवलच."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. किती सहज आलं ते तोंडातून, टायपिंगची चूक. टाइप करणारं इथे कुणी नव्हतंच. आणि हा एक कागद सापडला. बाकीचे? कपाटात तीन वर्षांच्या फायली उभ्या होत्या, आणि त्या एकेक करून पुन्हा वाचल्या तरी उपयोग नव्हता, कारण वाचणारे डोळे तिचेच असणार. ज्या डोळ्यांनी चूक केली त्यांना ती दिसते कुठे? ही तर दैवयोगाने दिसली. सही केली, तर हे सगळे कागद खरे ठरून पुढे चालू राहणार. नाही केली, तर का नाही ते सांगावं लागणार, आणि सांगितलं, की आधी उस्तादांची अब्रू जाणार, मग तिची. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणीतरी टेबलापलीकडून विचारणार, तुम्हाला दिसत नव्हतं, तर सह्या कशा केल्या? ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण आडात आणि विहिरीत निदान उडी तरी मारता येते. इथे नुसतं उभं राहायचं होतं, घड्याळाकडे बघत.

खोलीच्या कोपऱ्यात काचेची नवी केबिन उभी होती. आठवडाभर कामगार खुटखुट करत होते, तेव्हा तिला वाटलं होतं, कुणी वरचे साहेब खाली बसायला येणार. आता कळलं, ती तिच्यासाठी होती. चारही बाजूंनी काच. आत बसलं की सगळ्यांना दिसणार आणि सगळे दिसणार. फक्त सगळे म्हणजे कुणीच नसणार. तिने पिवळी चिठ्ठी पुढे ओढली. निदान शब्द तरी शोधू. रहनुमा, तिने एका कोऱ्या कागदावर लिहिलं. वाट दाखवणारा. कुणाला दाखवायची? काइद. त्याला मागे फौज लागते. सरबराह. तो फार वरच्या खुर्चीवरचा माणूस, झेरॉक्स मशीनचा सरबराह म्हणजे हसूच. निगराँ. नजर ठेवणारा, राखणारा, ज्याच्यावर सोपवलंय तो. या शब्दापाशी तिचं पेन थांबलं, आणि वडिलांचा बिल्ला आठवला.

ती नऊ वर्षांची होती. वडील गोदामात ओझी उचलायचे आणि एक दिवस पितळी बिल्ला लावून घरी आले. त्यावर इंग्रजी होतं. गँग लीडर. गँग म्हणजे तेव्हा हमालांची टोळी, सिनेमातले गुंड नव्हेत. "वाच की," ते म्हणाले, "एवढी इंग्रजी शाळेत जातेस." तिने वाचलं आणि अर्थ सांगितला, टोळीचा म्होरक्या. त्यांचं तोंड पडलं. "असं कसं? काहीतरी चांगलं असेल. नीट बघ." मग तिने बिल्ल्याकडे नीट बघितल्यासारखं केलं आणि मनाने ठोकून दिलं, "सगळ्यांना सांभाळणारा." ते इतके खूश झाले, की त्यांनी ते आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, काकांना तर दोनदा सांगितलं. काका त्याच टोळीत होते. ते म्हणाले, "मग सांभाळ बाबा." महिन्याभराने काका कामाला दोन मिनिटं उशिरा आले आणि दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या वडिलांनी सगळ्यांदेखत त्यांना परत पाठवलं. नियमच तसा होता. त्या संध्याकाळी त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तिला हाक मारली. "बाळ, याचा अर्थ तू काय म्हणाली होतीस?" ती म्हणाली, "सगळ्यांना सांभाळणारा." "पुन्हा बघ. दुसरा काही निघतो का." ती बघत राहिली. त्यांना कुठलातरी असा अर्थ हवा होता, ज्यात भावाला दारातून परत पाठवणं बसेल, आणि तिला तो देता येत नव्हता. पहिला अर्थ खरा नव्हता, हे सांगायचीही सोय उरली नव्हती. तिचं आयुष्यातलं पहिलं भाषांतर ते, आणि त्याचा पडताळा करायला कुणी नव्हतं. काका पुन्हा घरी जेवायला आले नाहीत. वडिलांनी बिल्ला मात्र निवृत्त होईपर्यंत रोज लावला, आणि रोज पुसला.

साडेतीन वाजले होते. तिने चिठ्ठीवर 'निगराँ' लिहिलं, इंग्रजी शब्दांचा आणि अर्थाचा भाग नियमाप्रमाणे मागे दुमडला, चहा घेतला आणि ती पडद्याला वळसा घालून पलीकडे गेली. उस्ताद खिडकीकडे तोंड करून बसले होते. टेबलावर पट्टी, पेन, चष्म्याचं घर, सगळं ठरलेल्या जागी. त्या मांडणीत वर्षानुवर्षांत बोटभरही फरक पडला नव्हता, आणि का, ते तिला माहीत होतं.

"आज उशीर केलात बाई," ते म्हणाले. "बसा. काय आहे?"

"एकच शब्द आहे, उस्ताद. निगराँ."

"निगराँ." त्यांनी पेन उचललं, पट्टी चिठ्ठीवर ठेवली आणि वाट पाहू लागले. तीही गप्प राहिली. बाहेर कुठेतरी ढकलगाडीची चाकं कुरकुरत गेली. पेन रकान्यावर टेकलेलं होतं आणि त्याच्या टोकापाशी शाईचा एक ठिपका मोठा होत चालला होता.

"सांगा ना," ते म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा ते बोलून दाखवलं गेलं. "मूळ सांगायचं नसतं, उस्ताद. नियम आहे."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि दोन बोटांनी डोळे चोळले. "खरंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितला होता मला." चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "बंद करतायत ना हे? वरच्या मॅडम परवा दारात उभ्या राहून कुणाशी बोलत होत्या. डोळे गेले की कान फुकटात तेज होतात. तुम्हाला मोठं करणार म्हणत होत्या."

"सही मागतायत माझी. सगळं नियमाने झालं म्हणून."

"मग द्या."

"डोळ्याच्या कागदात उलटं लिहिलंय मी, उस्ताद. वरचं खाली. दोन वर्षं चाललंय. तुम्ही वाचलं असतंत, तर पहिल्या दिवशी सापडलं असतं."

त्यांनी मान खाली घातली. तिला वाटलं, आता ते रागावतील, वर्गात चुकीच्या नुक्त्यावर रागवायचे तसे, आणि तसे रागावले तर किती बरं होईल. पण त्यांनी चिठ्ठी चाचपून जवळ ओढली, पट्टी बाजूला सारली आणि लिहायला लागले. पट्टीशिवाय अक्षरं ओळ सोडून वर चढत गेली. लिहून झाल्यावर त्यांनी सही केली, तारीख घातली आणि चिठ्ठी तिच्याकडे धरली. 'वाचता आले नाही.' तारीख आजची नव्हती. ती तीन वर्षांपूर्वीची होती, आणि ती कुठल्या दिवसाची, ते तिला आठवावं लागलं नाही. त्या दिवशी ती चहा घेऊन आली होती आणि चिठ्ठी उलटी होती.

"आता सगळं माझ्या नावावर घाला," उस्ताद म्हणाले. "म्हाताऱ्याने फसवलं म्हणा. मी जाणारच आहे. तुमची अजून आठ वर्षं आहेत."

चिठ्ठी घेऊन ती आपल्या बाजूला आली. सुटका म्हणतात ती हीच असावी, इतकी हलकी, दोन बोटांत मावणारी. वर जाऊन ही चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, मला आजच कळलं. सगळे हळहळतील. काचेच्या केबिनमध्ये बसता येईल, चुकीचे कागद परत मागवता येतील, ते तर चांगलंच काम. आणि दारात यादी घेऊन उभं राहिल्याचं कुणाला दिसणारही नाही, कारण परत जाणारा माणूस आपण होऊन परत गेला. ती बसली. तिला वडिलांचा राग आला, मग स्वतःचा, मग त्या चहाचा. किती माया केली आपण, आणि त्या मायेने त्यांना तीन वर्षं एका खुर्चीत कोंडून घातलं. नाही म्हणायला त्यांना वावच ठेवला नाही. तिने पेन उघडलं आणि वर चढत गेलेल्या त्या ओळीखाली लिहिलं, 'मूळ मजकूर मी सांगत होते.' सही केली. तारीख त्यांचीच घातली. प्रमाणपत्राचा कागद कोराच ठेवून तिने चिठ्ठी त्याला टाचली.

चारला पाच कमी असताना मॅडम स्वतःच खाली आल्या, मागे पाटीवाला, काखेत कोरी पाटी आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. "अभिनंदन!" मॅडम दारातूनच म्हणाल्या. "केबिन आवडली ना? उजेड छान येतो. शब्द तयार आहे?"

"तयार आहे."

"आणि पडताळा? तेवढी खूण केली, की हे पाटी रंगवतील."

ती उठून उभी राहिली.

"पडताळा झालेला नाही, मॅडम," ती म्हणाली. "तीन वर्षं झालेला नाही."

मॅडम अजून अर्धवट हसतच होत्या. पाटीवाल्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पडद्याच्या कडेवर एक हात दिसला. बोटं लाकूड चाचपत, खिळ्यापाशी अडखळत पुढे येत होती, आणि त्यांच्यामागून उस्ताद, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, या बाजूला आले. इकडची एकही वस्तू त्यांच्या ओळखीची नव्हती. मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. तिने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.